जुन्या गोव्याची चर्च बघायला जाणाऱ्या बेळगावकरांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली मंडळी गोव्याला जातात ती समुद्रासाठी, नाहीतर कुलदैवतासाठी. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा झाली की गाडीत मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "जुना गोवा वाटेतच आहे, चर्च बघून जाऊ." मग अर्ध्या तासात दोन चर्च उरकतात आणि बाहेर टपरीवर चहा घेताना शंकांचा पाऊस पडतो. गट घेऊन जाणाऱ्या आम्हा लोकांना या शंका तोंडपाठ झाल्यात. त्या इथं एका जागी लिहितो. मी ख्रिस्ती नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. बघून, विचारून, वाचून जे कळलं तेवढंच सांगतो.

आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. काही जणांना तर गुदमरल्यासारखं होतं. असं का होतं?

तसं व्हावं म्हणूनच ते बांधलंय. युरोपात १५१७ नंतर ल्यूथर आणि त्याच्यासारख्या सुधारकांनी रोमच्या चर्चविरुद्ध बंड केलं. त्यांच्यातल्या कडव्या गटांनी मूर्ती फोडल्या, चित्रं खरवडली, भिंती पांढऱ्या करून टाकल्या. कॅथलिकांनी त्रेंत गावी धर्मसभा भरवली, ती मध्ये थांबत थांबत १५४५ ते १५६३ अशी चालली. मूर्ती आणि चित्रं ठेवायची, पूजेत त्यांचा मान राहील आणि अडाणी माणसाला त्यांतून धर्म शिकवायचा, असं तिथं शेवटच्या बैठकीत पक्कं झालं. त्यानंतर कॅथलिक चर्च सजली ती जणू उत्तर द्यायच्या ईर्षेनं. जेझुइट पाद्र्यांचं रोममधलं मुख्य चर्च १५६८ मध्ये सुरू झालं. जुन्या गोव्यातलं त्यांचं बॉम जेझुस १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे रोममधला नवा थाट एका पिढीत मांडवीच्या काठी पोचला.

आपल्याला ते जास्त अंगावर येतं याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. आपल्या डोळ्यांना देवळाची सवय आहे. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ घ्या, किंवा देगावचं कमलनारायण. दोन्ही गोव्याच्या कदंबांच्या राज्यातली. तिथं कोरीवकाम बाहेर आणि मंडपात. जसजसं आत जाल तसतशी जागा लहान होते, अंधार वाढतो, आणि शेवटी समईच्या उजेडात एक मूर्ती. चर्चमध्ये सगळं उलटं. बाहेर साध्या भिंती, आत दालन मोठं होत जातं, छत वर वर जातं, आणि सगळ्यात टोकाला, जिथं आपण काळोखाची अपेक्षा करतो, तिथं जमिनीपासून छतापर्यंत सोनेरी भिंत उभी. नजरेला तयारी करायला वेळच मिळत नाही.

उपाय सोपा आहे, बसा. आपली माणसं बसत नाहीत. दर्शन घेतल्यासारखं पुढे जातात, हात जोडतात, डावीकडून वळून बाहेर. ती जागा तशी फिरण्यासाठी केलेलीच नाही. बाकावर बसून तासभर समोर बघणाऱ्या माणसासाठी ती केली आहे. दहा मिनिटं मधल्या बाकावर बसलात तर त्या सोन्यातून एकेक आकृती सुटी होऊ लागते. बॉम जेझुसमध्ये खाली बाळ येशू, त्याच्यावर हात पसरून उभा असलेला जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, तो मान वर करून बघतोय त्या किरणांच्या चक्रात येशूच्या नावाची तीन अक्षरं, आणि त्याहून वर पिता, पुत्र, पवित्र आत्मा. नजर खालून वर न्यायची अशी त्याची मांडणी आहे. गुदमरल्यासारखं वाटलेल्या एका आजींना बाकावर बसवलं, तर थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "आता कुठं दिसायला लागलं."

काय ओ, हे सगळं खरं सोनं?

हा पहिल्या पाचांत येणारा प्रश्न, आणि तो सगळ्यात आधी शहापूरचे सोनार विचारतात. सोनं खरं आहे, पण ते फक्त वरचा पापुद्रा. आत लाकूड आहे, बहुतेक ठिकाणी सागवान. आधी सुतार कोरतो. मग लाकडावर सरसात कालवलेल्या खडूसारख्या पांढऱ्या लेपाचे थर चढतात, ते घासून गुळगुळीत करतात. त्यावर तांबूस चिकणमातीचा हात. आणि मग काजूकतलीवर चांदीचा वर्ख बसवतात तितक्या हलक्या हातानं सोन्याचा वर्ख. शेवटी गुळगुळीत दगडानं घोटून चकाकी आणायची.

जवळून बघायला मिळालं तर कडांकडे बघा. जिथं वर्ख झिजलाय तिथं खालची तांबडी माती डोकावते, आणि वाळवीनं खाल्लेल्या जागी सरळ लाकूड. सोनं किती तोळे, हे मला विचारू नका. वर्ख इतका पातळ असतो की श्वासानंही उडतो, त्यामुळे दिसतं त्या मानानं वजन फारच कमी.

मग येशू तर गोठ्यात जन्मलेला, गरिबांचा. त्याच्या घरी एवढा थाट कशाला?

हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनीच शेकडो वर्षं एकमेकांना विचारलाय, तेव्हा विचारायला लाजू नका. देवासाठी उत्तमातलं उत्तम द्यायचं, हे एक उत्तर. पंढरीच्या विठोबाला हिऱ्यामोत्यांचे दागिने का, याचं उत्तर आपण जे देऊ साधारण तेच. दुसरं उत्तर पैशाचं आहे. गोवा ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी होती, मसाल्याच्या आणि घोड्यांच्या व्यापारातला पैसा इथून वाहत होता. बॉम जेझुससाठी कोचीनचा कॅप्टन जेरोनिमो मास्करेन्हास यानं मृत्युपत्रात पैसा ठेवला होता. सी कॅथेड्रल सरकारी खर्चानं बांधलं. पैसा देणाऱ्याला आपला मानही त्यात दिसायला हवा असतो. आपल्याकडं देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेतात, तसंच हे.

पण हा प्रश्न ज्यांना खरोखर टोचतो त्यांना मी रस्त्यापलीकडच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये नेतो. हा संत इटलीतल्या श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा, अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत देऊन भिकेवर जगला. वेदीवर तो आणि क्रुसावरचा येशू असे दोघे आहेत, येशूनं एक हात सोडवून त्याला जवळ घेतलंय. त्यांच्या पायाखाली तीन व्रतांची नावं लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. आणि ही अक्षरं सोन्यानं मढवलेल्या भिंतीत. बांधणाऱ्यांना त्यातली गंमत कळली नसेल असं मला वाटत नाही. मी पुढं काही बोलत नाही, माणसं आपापसांत वाद घालतात आणि पणजी येईपर्यंत तो चालतो.

हे कोरलं कुणी? पोर्तुगालहून कारागीर आले का?

आराखडे आणि नमुने बहुतेक युरोपातले. हात मात्र बरेचसे इथले. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मसभेनं ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत असा ठराव केला. बंदी घालावी लागली यातच काय चालू होतं ते आलं, आणि बंदीनंतरही ते पूर्ण थांबलं नाही. बॉम जेझुसमधली, सेंट झेवियर या संताचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्यातल्याच सोनारांनी घडवली, तिच्यावर त्याच्या आयुष्यातले प्रसंग चांदीत उठवले आहेत.

ओळखायचं कसं? पाद्री ज्यावर चढून प्रवचन द्यायचा तो उंच लाकडी सज्जा, त्याच्या बुडाकडं बघा. गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये तो सज्जा डोक्यावर तोलून धरलेल्या नागिणी आहेत. वर बाईचं धड, खाली गुंडाळलेलं शेपूट. युरोपातल्या नक्षीत समुद्रकन्या असते हे खरं, पण आपल्या माणसाला ती नागीणच दिसते आणि कोरणाऱ्यालाही तशीच दिसली असणार. वेलबुट्टी, फुलं, देवदूतांचे फुगरे गाल आणि लांब डोळे यांतही इथला हात जाणवतो. हे सगळं एका जागी आणि शांतपणे बघायचं तर सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय चुकवू नका. तिथं वस्तू नजरेच्या उंचीवर आहेत. चर्चमध्ये त्याच तीस फुटांवर असतात, मान मोडते.

पंख असलेली नुसतीच मुंडकी का आहेत? धड कुठं गेलं?

लहान मुलं विचारतात. ते देवदूत. देह नाही, फक्त ज्ञान आणि वेग, म्हणून डोकं आणि पंख. कीर्तिमुखाला तरी धड कुठं असतं?

रक्तानं माखलेला येशू बघून मुलं घाबरतात. असलं कशाला दाखवतात?

क्रुसावरचं दुःख भक्तानं आपल्या अंगावर सोसल्यासारखं अनुभवावं, ही कॅथलिक परंपरेतली जुनी साधना आहे. त्यामुळे जखमा झाकायच्या नाहीत, उलट उठावदार करायच्या. काचेचे डोळे, खरे केस, गुडघ्यावर सोललेलं कातडं, हे सगळं मुद्दाम. गुड फ्रायडेला अशा मूर्ती मिरवणुकीत निघतात.

आपली मुलं नरसिंहाला घाबरत नाहीत. हिरण्यकशिपूचं पोट फाडलेलं, आतडी गळ्यात, तरी घाबरत नाहीत, कारण प्रल्हादाची गोष्ट त्यांना आधी ठाऊक असते. तेव्हा गाडीतच येशूची गोष्ट सांगून ठेवा. पंधरा मिनिटांत होते. ती न सांगता मुलाला त्या मूर्तीपुढं उभं केलं तर रडेलच.

जमिनीवर थडगी आहेत. त्यांच्यावरून चालायचं?

सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये हा प्रकार हमखास. कुणीतरी खाली बघतं, ढालीची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या फरशा दिसतात, "अगं बाई, समाध्या!" आणि मग सगळा महिला मंडळाचा गट भिंतीला चिकटून एका रांगेत, साड्या सावरत, फरशी चुकवत चालतो. एकदोघी चपला हातात घेतात.

चालायला हरकत नाही. चर्चच्या आत, वेदीच्या जवळ पुरलं जावं ही श्रीमंतांची इच्छा असायची आणि त्यासाठी देणगी लागायची. वरून लोकांनी चालावं हे त्यांनी गृहीत धरलं होतं, काही जण तर नम्रता म्हणून दाराशीच जागा मागत. तरीही पाय टाकायला मन धजत नसेल तर कडेनं चाला. कोणी हसत नाही. उलट एका फादरांनी मला सांगितलं की हिंदू पाहुण्यांचं हे कडेनं जाणं त्यांना आवडतं.

झेवियरचं शव खरंच आहे का? बघितलं तर घरी येऊन अंघोळ करायची का?

दुसरा भाग दबक्या आवाजात येतो, पण येतोच. अंघोळीचं तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावं. एरवी तुम्हाला दिसते ती उंचावरची पेटी आणि काचेतून थोडंसं.

फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारला. पुरताना चुना घातला होता, तरी काही महिन्यांनी उकरलं तेव्हा देह तसाच होता असं सांगतात. तिथून मलाक्का, आणि मार्च १५५४ मध्ये गोवा. १६२२ मध्ये रोमनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याआधी १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग रोमला नेला होता, तो तिथल्या जेझुइट चर्चमध्ये आहे. आता जे आहे ते सुकलेले अवशेष. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून सी कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. मागची वेळ २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होती. कोकणीत त्याला गोंयचो सायब म्हणतात आणि रांगेत हिंदूही भरपूर असतात, आपल्या खानापूर भागातलेसुद्धा.

पेटीकडंच बघत राहू नका, तिच्याखालचा चौथरा बघा. रंगीत संगमरवराचा हा चौथरा इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानं पाठवला. संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली होती, तिची ही परतफेड. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोजिनी याला तो घडवायला दहा वर्षं लागली, आणि १६९८ मध्ये तो सुट्या भागांत जहाजानं येऊन इथं जोडला गेला. चारी बाजूंना काशाचे पत्रे आहेत, त्यांत संताच्या आयुष्यातले प्रसंग. गोव्याची चांदी आणि फ्लोरेन्सचा दगड एकमेकांवर ठेवलेत. मला विचाराल तर अख्ख्या जुन्या गोव्यात बघण्यासारखी जागा हीच, आणि लोक तिथं मोबाइल वर करून पुढं सरकतात.

आमची देवळं पाडून ही चर्च उभी केली. ती कौतुकानं बघायची?

हा प्रश्न कुणी रागानं विचारतं, कुणी नुसतं गप्प होऊन. दोन्ही बरोबर आहे, आणि मी तो टाळत नाही.

तिसवाडीतली देवळं १५४० च्या आसपास पाडली गेली, साष्टीतली १५६७ च्या सुमारास. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी रातोरात नदीपलीकडं, तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात असलेल्या फोंडा महालात नेली. आपण आज ज्या मंगेशीला आणि कवळ्याला जातो ती या पळापळीतून झालेली ठिकाणं. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. त्याचा जाच बाटलेल्यांना सगळ्यात जास्त झाला. घरात तुळस दिसली, जुनी रीत पाळली, एवढंही पुरे व्हायचं. कितीतरी सारस्वत आणि इतर घराणी तेव्हा गोवा सोडून घाटावर, कारवारकडं, मंगळुराकडं गेली. बेळगावात राहणाऱ्या पण कुलदैवत गोव्यात असलेल्या अनेकांच्या घराण्याची वाट तिथूनच निघते.

हे सगळं माहीत असूनही मी ती चर्च बघतो. सोन्याखाली लाकूड आहे, लाकडावर चालवलेली छिन्नी आहे, आणि ती धरणारा माणूस बऱ्याचदा त्याच गावचा होता ज्या गावचं देऊळ पडलं होतं. त्यानं पोटासाठी केलं असेल, भीतीनं केलं असेल, नव्या देवावरच्या श्रद्धेनं केलं असेल. त्याचं काम बघायचंच नाही म्हटलं तर त्याला दुसऱ्यांदा पुसल्यासारखं होईल. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. एक काका दर वेळी बाहेर झाडाखाली थांबतात, आत येत नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी चहा सांगून जातो.

सेंट कजेतान चर्चच्या घुमटाखाली एक झाकलेली विहीर आहे. तिथं आधी देऊळ होतं असं अनेक जण सांगतात. त्याच आवाराजवळ आदिलशाही वाड्याच्या दाराचा काळ्या दगडाचा सांगाडा उभा आहे, तो मात्र डोळ्यांनी दिसतो. विजापूरकरांची आठवण सांगणारी एवढीच खूण तिथं उरली आहे आणि तिच्यापाशी कुणी थांबत नाही.

आमची मुलगी म्हणते शांतादुर्गेचं देऊळच चर्चसारखं दिसतं. असं कसं?

मुलीची नजर चांगली आहे. कवळ्याचं आत्ताचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकारानं बांधलं गेलं. घुमट, कमानीच्या खिडक्या, आत झुंबरं, ही भाषा शेजारच्या चर्चमधली. तेच गवंडी, तेच सुतार, तोच चिरा आणि चुना. फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला तो १७६३ मध्ये, तेव्हा जुना कडवेपणा ओसरला होता.

देवाणघेवाण नेहमी अशी शांततेची नव्हती हेही सांगून टाकतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला टांगलेली घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२९ हे साल आहे.

बॉम जेझुसला गिलावा का नाही? पैसे संपले का?

पूर्वी होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या वास्तुतज्ज्ञानं, इमारत जुनी दिसावी म्हणून, तो काढून टाकला. लोंढा, खानापूर भागातल्या माणसाला यातला धोका सांगावा लागत नाही. चिऱ्याच्या उघड्या भिंतीचं पाच-दहा पावसाळ्यांत काय होतं ते त्यानं घरी बघितलेलं असतं. गिलावा परत करावा की तांबडा रंगच आता ओळख झालाय म्हणून ठेवावा, यावर गोव्यात जोरात वाद झाले आहेत. मी गिलाव्याच्या बाजूचा. दर्शनी बाजूवरचं बारीक कोरीवकाम टिकलंय कारण ते चिऱ्यात नाही, वसईहून आणलेल्या काळ्या दगडात आहे.

सी कॅथेड्रलचा एका बाजूचा मनोरा कुठं गेला?

१७७६ मध्ये वीज पडून कोसळला, पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. चर्च १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये झालं. आतल्या वेदीवर सेंट कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, कारण पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं गोवा घेतला तो तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१०.

हात जोडायचे का? प्रसाद मिळतो का? चपला?

हात जोडले तर कुणाचं काही म्हणणं नसतं, आपले बहुतेक जण जोडतातच. घंटा वाजवायला जाऊ नका, नारळ फोडायला जागा नाही, वेदीच्या कठड्याच्या आत जायचं नाही. चपला काढायची गरज नाही, पण डोक्यावरची टोपी काढायची. इथं पुरुषांची डोकी उघडी असावी लागतात, हे आपल्या उलट आहे आणि गांधी टोपीवाल्या आजोबांना आधी सांगून ठेवलेलं बरं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. समुद्रावरून तसेच चड्डीवर आलेल्या पोरांना दारात अडवतात, ते योग्यच आहे.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर शेवटी फादर पांढरी गोल चकती वाटतात. ती प्रसादासारखी दिसते आणि आपली माणसं श्रद्धेनं रांगेत उभी राहतात. राहू नका. ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असते, त्यांच्या दृष्टीनं तो साक्षात ख्रिस्ताचा देह. बाकावर बसून राहिलात तर कोणाला वाईट वाटत नाही.

फोटोचं दारावरच्या पाटीवर लिहिलेलं पाळा. फ्लॅश नको. वेदीकडं पाठ करून माणसांचे फोटो काढणं तिथल्या लोकांना खटकतं, तुमच्या गाभाऱ्यापुढं कुणी तसं केलं तर तुम्हालाही खटकेल.

एवढं लांब कशाला? बेळगावात असं काही नाही का?

असं नाही, पण तुलनेसाठी जरूर बघा. कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल हे बेळगाव धर्मप्रांताचं मुख्य चर्च, धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. जुना गोवा बघून आलेले लोक त्याला "अगदीच साधं" म्हणतात. ते विसाव्या शतकातलं आहे, ना त्यामागं राजाची तिजोरी ना मसाल्याचा पैसा. कॅम्पातच सेंट मेरीज आहे, १८६९ चं, इंग्रज फौजेच्या काळातलं. ते कॅथलिक नाही, अँग्लिकन परंपरेतलं, म्हणजे रोमपासून फुटलेल्या इंग्लंडच्या चर्चचं. टोकदार कमानी, दगडी भिंती, रंगीत काचा, पण मूर्तींची गर्दी नाही. ल्यूथरच्या बंडाचं वर आलं ना, त्याच्या दोन बाजू आपल्या कॅम्पात एकाच फेरीत बघायला मिळतात. गोव्याला जायच्या आधीच्या रविवारी ही फेरी केलेल्यांना तिथलं सगळं दुप्पट कळतं.

आणि किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ चं जैन मंदिर, छतातून खाली उमललेलं दगडी कमळ. बेळगावात जन्म काढलेली माणसं ते न बघता रोमच्या छताबद्दल बोलतात.

एका दिवसात काय काय होतं? कुठून जावं?

चोर्ल्यातून जांबोटी, कणकुंबी, साखळी असं गेलात तर पणजी साधारण ११० किलोमीटर. अनमोडमार्गे खानापूर, रामनगर, मोले, फोंडा असं गेलात तर लांब पडतं, पण देवळं आधी होतात. पावसाळ्यात निघण्याआधी घाटाची चौकशी करा.

जुन्या गोव्यात तीनच गोष्टी नीट बघा: बॉम जेझुस, सेंट फ्रान्सिस, आणि सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा. मनोऱ्याची उंची ४६ मीटर, त्यातला अर्धाच उभा आहे. १८३५ मध्ये मठ बंद झाला, काही वर्षांत छप्पर पडलं, मग सगळंच. आतल्या वेदीच्या जागी आता आकाश आहे आणि भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांचे थोडे तुकडे. दिपवणाऱ्या दोन चर्चनंतर इथं गटातले बोलके लोकही गप्प होतात. वेळ उरला तर सी कॅथेड्रल. ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं, गर्दीची आवड नसेल तर तो आठवडा टाळा. रविवारी सकाळी मिस्सा असतात, पोचायचं ते दुपारी. सेंट फ्रान्सिसला लागून असलेलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि नेमकी आपल्याकडची शाळांची सहल शुक्रवारी निघते.